मालनमावशींचा 'स'

आमच्या बिबवेवाडीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: गुपित बोलायचं असेल तर पिठाच्या गिरणीसमोर बोलायचं नाही. गिरणीवाल्या मालनमावशींचे कान म्हणजे मांजराचे. रस्त्याच्या अलीकडे, आमच्या सोसायटीच्या फाटकाशी, दोन बायका एकमेकींच्या खांद्याला लागून कुजबुजल्या, तरी पलीकडे धडधडत्या गिरणीत मावशींना शब्द न् शब्द कळतो. सोसायटीचे सेक्रेटरी दिगंबरकाका तर शपथेवर सांगायचे, "अहो, बाईंनी फाटकावर माइक बसवलाय. मी स्वतः शोधला. सापडला नाही, याचाच अर्थ चांगला लपवलाय."

साफ खोटं. मालनमावशींना जवळजवळ ऐकूच येत नव्हतं.

हे मी शोधून काढलं, तेही चुकून. मी नकला करते. माझं नाव संस्कृती आणि आईच्या मते ती फक्त आधार कार्डावर आहे. दोन वर्षांपूर्वी, नववीत असताना, मी फाटकाशी मैत्रिणींना दिगंबरकाकांचं पार्किंगवरचं भाषण करून दाखवत होते. काका स्वतः पाच पावलांवर फोनवर बोलत उभे, म्हणून आवाज पूर्ण बंद. नुसते ओठ, भुवया आणि पोट. "सभासदांनी लक्षात घ्यावं, स्कूटर ही स्कूटरच्या जागी आणि सभासद हा सभासदाच्या जागी शोभतो!"

पलीकडून मावशी खो खो हसल्या. हसताना त्यांच्या अंगावरून पिठाचा ढग उडाला.

मी अर्धं मिनिट फुलून गेले. मग डोक्यात आलं, थांब. मी तर आवाज काढलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद असताना गेले. मावशी पाठमोऱ्या, पीठ चाळत होत्या. मी काकांच्या आवाजात हाक मारली. मग आईच्या. मग भंगारवाल्याच्या, पोलिसाच्या. शेवटी मांजराच्याही. काही नाही! चाळणी आपली सर्र सर्र. खांद्याला हात लावला तेव्हा त्या दचकल्या.

"कवा आलीस गं? मांजरीच्या पावलांनी येतेस नुसती."

मांजरीचा आवाज मी एवढा मन लावून काढला होता!

तर खरी गोष्ट अशी. मावशींचं माहेर फुरसुंगीचं. लग्न होऊन आल्या आणि सासऱ्यांच्या गिरणीत उभ्या राहिल्या, त्याला सव्वीस वर्षं झाली. चालू गिरणीत कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे ओठांवरचं वाचतात. मावशींना ती विद्या इतकी चढली की रस्त्यापलीकडचे ओठही त्या वाचू लागल्या. आणि डोळे शिकत होते तेवढ्यात कान मागच्या दाराने निघून गेले, त्यांना पत्ताच नाही. मास्कचे दिवस आले तेव्हा मात्र लोक म्हणाले, "मालनबाईंना गर्व चढलाय, बोललं तरी उत्तर देत नाहीत." मायक्रोफोन असलेल्या बाईला अचानक गर्व का चढला, हा प्रश्न बिबवेवाडीत कुणालाच पडला नाही.

कान सगळा गेला नव्हता. बारीक आवाजाची अक्षरं गेली होती: स, श, फ, च. जाडजूड अक्षरं पोचायची. म्हणजे गिरणीच्याच भाषेत, बारीक सगळं चाळणीतून खाली आणि जाडसर तेवढं वर. शिकवणीवाल्या पूर्णिमाताई मोबाइलमध्ये मान घालून पिठाची वेळ विचारायच्या, "मावशी, सात?" मावशींना ऐकू यायचं "आत". त्या म्हणायच्या, "या की." ताई आत जायच्या आणि पिठाच्या डब्यांमध्ये उभ्या राहायच्या. का, ते दोघींनाही माहीत नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण यंदाच्या श्रावणात दगड कोरडा फिरला.

वरच्या पत्र्याच्या पेटीतलं धान्य संपलं की दगडावर दगड घासतो आणि गिरणीचा आवाज चिरका होतो. पूर्वी मावशी आवाज बदलायच्या आधीच हात पुढे करायच्या. गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी कधी लावायची, तेही त्या आवाजावरून सांगायच्या. त्या दिवशी चिरका आवाज आला, जळका वास सुटला, धूर निघाला, आणि मावशी पाठ करून पिशवीला गाठ मारतायत. दिगंबरकाका दारातून ओरडले, "मालनबाई, धूर! धूर!"

मावशी न वळता म्हणाल्या, "दूर कशाला? जवळ या. पिठानं माणूस मरत न्हाय."

काकांनी स्वतः उडी मारून बटण बंद केलं. पांढऱ्या शर्टासकट.

त्या संध्याकाळी मावशींचा मुलगा योगेश, जो हडपसरला कंपनीत असतो, गिरणीत येऊन बसला. मीही होते, अशा वेळी मी असतेच. मावशींना दिसावं म्हणून तो अगदी समोर बसला आणि सावकाश बोलला.

"आई, आज दगड गेला. उद्या पदर पट्ट्यात गेला तर? यू कान्ट हिअर. सिंपल आहे. कानाचं काहीतरी कर, नाहीतर खंडेनवमीला मशिनची पूजा झाली की पट्टा उतरवू. मोबाइल कव्हरवाला जागा मागतोच आहे."

"मोबाइलला कवर," मावशी म्हणाल्या, "आन् मला?"

तो उठून गेला. मावशींनी पट्ट्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या हाताची नक्कल मला अजून जमलेली नाही. करूनही बघितलेली नाही.

खंडेनवमीला दोन महिने होते. योगेशची शिफ्ट, म्हणून कोथरूडच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे मावशींना मी घेऊन गेले. बसमध्ये मावशींनी मला आपले उपाय सांगितले. लसूण घातलेलं कोमट तेल, आठवड्यातून दोनदा. खाजलं तर केसांतला आकडा. आणि गिरणी चालू असताना कापसाचा बोळा.

डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा घालून बघितलं आणि पुणेरी शांततेत विचारलं, "अहो, आत फोडणी कुणी दिली?"

उजव्या कानात मळाचा बोळा बसला होता, तेल पिऊन आणि आकड्याने ढकलून ढकलून घट्ट झालेला. पाच दिवस थेंब घालून तो मऊ केला, मग बाईंनी काढला. ट्रेमध्ये बघून मावशी म्हणाल्या, "चिंचोका हाय का काय!" मी फोटो काढणार होते, पण बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की फोन आपोआप खिशात गेला.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "तेल नाही, आकडा नाही, काडी नाही, किल्ली नाही. कान आपला आपण साफ होतो. तुम्ही आंघोळीनंतर टॉवेलने बाहेरून पुसायचा, बास. दुखला, वाहिला, एकदम बंद झाला, तर घरचे उपाय न करता इकडे यायचं."

मग काचेच्या छोट्या खोलीत बसवून तपासणी झाली. आवाज आला की बटण दाबायचं. कागदावर रेघ आली, ती डावीकडे, जाड आवाजांना, बरी होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांना, धाडकन खाली.

"हा तर कात्रजचा घाट," मी म्हणाले.

"घाटच आहे," बाई म्हणाल्या. "मळाचं ते वरवरचं होतं, गेलं. हे मात्र गिरणीच्या आवाजाने झालंय, दोन्ही कानांत. हे परत येत नाही. पण आहे ते राखता येतं, आणि ऐकायचं मशिन लावून कामही भागवता येतं. आणि कापूस आवाज अडवत नाही. गिरणी चालू असताना मशिन काढून कानांवर जाड कप घालायचे, रस्ता फोडणारे घालतात तसे. कानात आवाज येतो का कधी, शांत असताना?"

मावशी दचकल्या. "येतो की. गिरणी बंद केली की डोक्यात दुसरी गिरणी चालू होते. सगळ्यांनाच येतो न्हवं?"

"नाही हो," बाई म्हणाल्या, आता हळू. "सगळ्यांना नाही येत."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? दिवसाचे किती तास इअरफोन?" मी बस किती वाजता आहे ते बघायला लागले.

मशिन आलं. दोन्ही कानांत, शेंगदाण्याएवढं. पहिल्या दिवशी मावशी गिरणीच्या पायरीवर बसल्या आणि एकाएकी दोन्ही हात वर करून हलवू लागल्या.

"संस्कृते! माझ्या बांगड्या वाजतात गं!"

छान होतं ते. दुपारपर्यंत. दुपारी त्या म्हणाल्या, "कागद चुरगळल्यावानी बोलताय सगळे. ती पिशवी ठेव खाली, डोक्यात फाटतीय माझ्या." तिसऱ्या दिवशी मशिन डबीत, डबी कपाटात, आणि मावशी पुन्हा लोकांच्या ओठांवर. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "असंच होतं. आधी शांत घरात, रोज थोडा वेळ, मग वाढवा. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. इतकी वर्षं सुट्टीवर होता तो."

मग शिकवणी मी घेतली. रोज संध्याकाळी गिरणी बंद झाली की मावशी भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि मी मागून एकेक शब्द टाकायचे. सात, आठ, हात, भात. आधी सगळंच "आत". मी सगळ्यांच्या आवाजांत टाकायचे, म्हणजे कंटाळा नको. काकांच्या आवाजात "साबूदाणा", पूर्णिमाताईंच्या आवाजात "शिंगाडा". तिसऱ्या आठवड्यात एकदा मी "सात" म्हणाले आणि मावशींनी मान वाकडी केली.

"ह्ये पुढं काय सळसळलं?"

"तोच स, मावशी!"

"हा?" त्यांनी तोंडातल्या तोंडात करून बघितला. "स्स्स. असा अस्तोय व्हय. इसरलेच होते मी." आणि त्यानंतर तासभर, शपथ, त्या साप होऊन बसल्या. स्साखर. स्सासरे. स्ससा.

खंडेनवमी आली. दगडाला हळदकुंकू, पट्ट्याला झेंडूची माळ, कोपऱ्यात उदबत्ती. योगेश कागद घेऊन आला. "आई, भिंतीकडे बघ. पाच गिऱ्हाइकं मागून ऑर्डर देणार. चार तरी बरोबर आल्या पाहिजेत. नाही तर पट्टा उतरतो. फेअर?"

"फेअर," मावशी म्हणाल्या. तो फ त्यांनी मुद्दाम लांबवला.

आवाज मीच देणार होते. आणि इथे माझं डोकं फिरलं. माझ्या नकलांवर माझा फार विश्वास. मी म्हणाले, "ऑर्डर तुम्ही ओळखाल हो, मावशी. पण मध्येच खरा माणूस आला तर खरा कोण आणि मी कोण, हे तुम्हाला जन्मात कळणार नाही."

"लावतेस पैज?"

"लावली! मी जिंकले तर चकलीची अख्खी भाजणी तुम्ही माझ्या घरी पोचवायची."

"आन् हरलीस तर एक रविवार, दिवसभर, हितं गल्ल्यावर बसायचं. तोंडातून आवाज काढायचा न्हाय. नुसते ओठ. इअरफोन पण घरी."

मी हसतच हात दिला. मग खुणेने दिगंबरकाका आणि पूर्णिमाताईंना चपला काढून आत घेतलं.

पहिला आवाज, काकांचा: "ज्वारी, जाडसर, सव्वासातला नेतो."

"ज्वारी जाडसर, सव्वासात," मावशी भिंतीला म्हणाल्या. "ही संस्कृती."

दुसरा, ताईंचा: "तांदूळ तीन किलो, बारीक दळा, साडेआठला येते."

"तांदूळ तीन, बारीक, साडेआठ. ह्या खऱ्या पूर्णिमाताई. या ताई, आत यायची गरज न्हाय."

तिसरा. "बाजरी, साठवणीची आहे, सावकाश दळा." संस्कृती. चौथा, काका स्वतः, श्वास रोखून: "सोयाबीन घातलेला गहू, सहा किलो." खरे काका. पाचव्याला मी जीव ओतला. खुद्द योगेशचा आवाज काढला, थकलेला, नाकातला: "आई, सगळं सोड आणि घरी चल."

मावशींनी मान वाकडी केली. योगेश कागदावरून वर बघत राहिला. मला वाटलं, जिंकले.

"ऑर्डर न्हाय ही," मावशी म्हणाल्या. "आन् ही पण संस्कृतीच. माझा योगेश असं म्हणत न्हाय. तो इंग्लिशमधी म्हणतो."

योगेश हसला. नाक ओढत हसला. मग त्याने पाठपिशवीतून लाल दिवा आणि वायर काढली. पेटीतलं धान्य संपत आलं की पेटणारा दिवा, कंपनीतल्या मित्राकडून आठवडाभर आधीच करून घेतलेला. म्हणजे परीक्षेचा निकाल याने आधीच आणून ठेवला होता! "पट्टा राहू दे," तो म्हणाला. "हा कुठे लावू ते सांग, आई."

पण मला दिव्यात रस नव्हता. "मावशी, पाचही बरोबर? कसं काय? माझा काका तर काकांपेक्षा बरा आहे!"

काका म्हणाले, "हे ऐकायला मी चपला काढल्या काय."

"तुझ्या दाताला तार बसवली न्हवं गेल्या साली?" मावशी वळून म्हणाल्या. "त्यापायी तुझा परत्येक स शीळ घालतो. काका हो, ताई हो, कुणीबी हो. स आला की शीळ. इतकी वर्षं मला स न्हवता, संस्कृते. आता रोज त्योच ऐकत बसते मी."

बिबवेवाडीतला सगळ्यात तिखट कान माझा, असं मी सगळ्यांना सांगत आले. आणि आपल्याच तोंडातली शीळ मला वर्षभर ऐकू आली नव्हती.

रविवारी सकाळी गल्ल्यावर बसले. डोक्यावर मावशींनी नवी पाटी लावली होती: "समोर येऊन बोलावे. पाठीमागून बोलण्याचा अधिकार फक्त देवाचा." मावशी कानांवर लाल कप चढवून, एक हात पेटीवर ठेवून दगडाशी उभ्या, दिव्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. पूर्णिमाताई आल्या, मोबाइलमध्ये मान घालून. "संस्कृती, पीठ कधी?"

मी ओठांनी सांगितलं: सात. पुन्हा सांगितलं: सात. ताईंनी मान वर केलीच नाही.

दुपारपर्यंत सगळ्या सोसायटीत झालं होतं: मालनबाईंची ती पोरगी फार गर्विष्ठ झालीय, बोललं तरी उत्तर देत नाही.