यानाकडे न बघणारी मुलगी

माझ्या लघुकादंबरीला विज्ञानकथांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा सगळ्यात जास्त धक्का मलाच बसला होता. नवरा म्हणाला, नागपूरच्या उन्हानं डोकं तापलं की असंच काहीबाही सुचतं. कार्यक्रमात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि परीक्षकांनी शेवटाची फार तारीफ केली. तो शेवट माझाही लाडका होता.

गोष्ट साधी आहे. परग्रहावरची एक बाई आपली तान्ही मुलगी मिरचीच्या शेतातल्या जोडप्याकडे ठेवून जाते, कारण तिच्या ग्रहावरची हवा संपत आलेली असते. मुलगी इथंच वाढते, भाजी-भाकर खाते, भांडते. बऱ्याच वर्षांनी ती बाई यान घेऊन परत येते. यान शेतात उतरतं तेव्हा मुलगी अंगणातलं वाळवण गोळा करत असते. ती तिकडे बघतसुद्धा नाही. वाळवण उचलते आणि घरात जाते. लेखिकेनं इथं रडवायचा मोह टाळला, असं परीक्षक म्हणाले, आणि मी मान डोलावली.

पुस्तकाच्या प्रती मी नातेवाइकांत वाटल्या. फुकट ते पौष्टिक, म्हणून घेतल्या सगळ्यांनी, वाचल्या कोणी नाहीत. अपवाद फक्त रामटेकच्या मावशीचा. ही आईची धाकटी बहीण, शाळा जेमतेम शिकलेली, धानाच्या कामातून उसंत नसलेली. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"वाचलं वं तुहं पुस्तक. दोनदा वाचलं."

मी फुलून गेले. मग ती म्हणाली, "पण ती पोरगी एकदाही वळून पाहात नाही काय वं? एवढ्या दुरून आली होती ती बाई."

मला हसू आलं. बक्षीस ताजं होतं, तोराही ताजा होता. मी समजावलं, "मावशी, तिनं वळून पाहिलं असतं, तर गोष्ट रडकी झाली असती. तिची कोण लागते ती बाई? वळून पाहिलं असतं तर बक्षीसच नसतं मिळालं."

"बरं," मावशी म्हणाली. जेवली काय, म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

आईचं वाचन मात्र मुंगीच्या पावलानं चाललं होतं. भिवापूरची मिरची घरात आली होती. देठं खुडायची, हात धुवायचे, दोन पानं वाचायची, पुन्हा देठं. पुढच्या रविवारी मी माहेरी गेले, तर पुस्तक मिटून पाटावर ठेवलेलं आणि आईचे डोळे लालभडक.

"मिरचीचा हात लावला ना डोळ्याले?" मी म्हटलं.

तिनं पुस्तकावर बोट ठेवलं. "कोणं सांगतलं तुले?"

"काय कोणं सांगतलं?"

"मावशीनं सांगतलं, का तुह्या बाबानं जायच्या आधी?"

हिला ऊन लागलं की काय, असं मला वाटलं. "आई, मी मनानं लिहिलं ते. यानबिन काही खरं नाही."

"यानाचं कुठं म्हणून राहिली मी? पोरीचं म्हणून राहिली. मावशीले आधीच दोन पोरी होत्या, मले एकही नव्हती. बाळंतपणाले इथं आली होती ती. तुले माह्या ओटीत टाकलं अन् रिकाम्या हातानं गेली. आजवर एक शब्द काढला नाही तिनं. अन् तू सारं पुस्तकात छापलं."

मी मिरचीच्या ढिगाशेजारीच बसले. पन्नाशीला टेकलेली बाई मी, आणि मला कधी साधा संशयही आला नव्हता. ठसका लागला तो मिरचीचा की आणखी कशाचा, मला कळेना. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"हे पुस्तक रामटेकले नको पाठवू," ती म्हणाली. "तिले वाटन, तू जाणूनबुजून लिहिलं."

"तिनं वाचलं," मी म्हटलं. "दोनदा वाचलं. फोन आला होता."

"काय म्हणाली?"

मावशीनं काय विचारलं, ते मी आईला सांगितलं. मी काय उत्तर दिलं, ते सांगायला तोंड उघडेना.