फळ्यावरचं खोटं

सकाळी मोबाइल उघडला की मला शिसारी येते. गुलाबांच्या परडीवर लिहिलेलं 'शुभ सकाळ', त्याखाली कुठल्यातरी हरवलेल्या मुलाचा फोटो, त्याखाली साखरेचा आजार मुळापासून घालवणारा कढीपत्ता आणि मग हात जोडल्याच्या दहा-बारा आकृत्या. हे पाठवणारी माणसं अडाणी असती तर मी काही म्हटलं नसतं. पण सगळी शिकलीसवरलेली, काही तर माझ्यासारखी बी.एड. झालेली. डोंबिवलीतल्या एका शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं. लोकांना वाचायला शिकवून आपण नेमकं काय साधलं, हा प्रश्न रोज सकाळी चहाच्या आधीच माझ्यासमोर येऊन बसतो.

त्यामुळे आठवीला आठवड्यातून एकदा 'डिजिटल साक्षरते'चा तास घ्यायचं ठरलं, तेव्हा मी आपणहून हात वर केला. खरं तर ते काम संगणकाच्या सरांचं. पण ते म्हणाले की संगणक चालू कसा करायचा एवढंच ते शिकवतात, त्यात लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे भाषेच्या बाईंनी बघावं. मुख्याध्यापिकाबाईंनाही पटलं. तुम्हाला नाहीतरी या गोष्टींचा राग येतोच, असं त्या म्हणाल्या.

पहिल्या तासाला मी मुलांना एक आलेला मजकूर वाचून दाखवला आणि हे खरं कशावरून, असं विचारलं. एक मुलगा म्हणाला, पप्पांनी पाठवलंय. पप्पांना कोणी पाठवलं? त्यांच्या बॉसने. त्याच्यापुढे वर्गात कोणालाच प्रश्न पडला नाही. मी चार प्रश्न फळ्यावर लिहून दिले: हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याला कसं कळलं, आणि वाचताक्षणी आपण घाबरावं किंवा चिडावं अशीच त्याची इच्छा आहे का. मुलांना ते फारच आवडलं. एका मुलीने घरी जाऊन आजोबांना हे चारही प्रश्न विचारले, तर आजोबा दोन दिवस तिच्याशी बोलेनात. हे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना रंगवून सांगितलं. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

आमच्या धंद्यात एक सूत्र आहे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मुलाला माहीत असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा आणि मग त्याला माहीत नसलेल्या गोष्टीकडे न्या. बी.एड.ला ते आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की झोपेतही म्हणू. या तासासाठी मिळालेल्या पुस्तिकेतली उदाहरणं सगळी परदेशातली, कुठल्यातरी निवडणुकीची नाहीतर शार्क माशाची. मुलं जांभया द्यायला लागली. म्हणून मी ठरवलं की खोटा संदेश आपणच तयार करायचा, आणि तोही मुलांच्या अगदी ओळखीच्या गोष्टीवर.

शाळेच्या फाटकाशी पेरूवाली बसायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. खडवलीहून यायची, आपल्या अंगणातल्या झाडांचे पेरू टोपलीत घालून. चार चिरा देऊन त्यात तिखट-मीठ भरायची आणि पेरू फुलासारखा उघडून हातात द्यायची. कोणाच्या दाताला तार आहे, कोणाला तिखट चालत नाही, हे तिला पाठ होतं. शाळा सुटल्यावर मीही तिच्याकडचा एक पेरू खाऊनच रिक्षात बसायची. म्हणून मला वाटलं, हिच्याबद्दल लिहिलेलं खोटं तर पोरं एका क्षणात पकडतील.

फळ्याच्या डाव्या बाजूला मी लिहिलं, 'उजवीकडचा संदेश खोटा आहे. कशावरून ते सांगा.' उजव्या बाजूला लिहिलं, 'सावधान. आपल्या शाळेबाहेर मिळणाऱ्या पेरूंना गोडी यावी म्हणून सुईने औषध टोचले जाते. असे पेरू खाऊन तीन मुले अतिदक्षता विभागात आहेत. एका डॉक्टरांनी कळवले आहे. प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा.'

तास असा झाला की काय सांगू. कोणते डॉक्टर, कोणतं हॉस्पिटल, तीन मुलं कोणत्या वर्गातली, आज तर कोणीच गैरहजर नाही. आजोबांना प्रश्न विचारणारी ती मुलगी उभी राहून म्हणाली, मॅडम, काल तर तुम्हीच खाल्लात की. सगळा वर्ग हसला. मीही हसले.

आता आमच्या शाळेतली एक पद्धत सांगायला हवी. लॉकडाउनच्या काळात मुलांसाठी फळ्याचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायला लागलो, ते लॉकडाउन संपलं तरी चालूच राहिलं. शेवटच्या तासानंतर वर्गशिक्षिका येते, दुसऱ्या दिवशीची सूचना फळ्यावर लिहिते, फोटो काढते आणि पाठवून देते. वर तारीख आणि पट असतो, म्हणजे पालकांना तो शाळेचा कागदच वाटतो. त्या दिवशी शेवटचा तास माझाच होता आणि आठवीची वर्गशिक्षिका घाईत आली. तिला कल्याणची बस पकडायची होती. थोडी जागा मिळेल का, असं तिने विचारलं. मी डस्टर उचललं आणि फळ्याची डावी बाजू पुसून दिली. उजवी पुसली नाही, कारण उजवीकडे माझं अक्षर सुरेख आलं होतं. हेच खरं कारण आहे. दुसरं कारण शोधायचा मी खूप प्रयत्न केला, पण सापडलं नाही. तिने डावीकडे लिहिलं, 'उद्या पालकसभा. ओळखपत्र आणणे.' आणि फोटो काढला.

मी घरी पोहोचून चहाचं आधण ठेवलं तोवर तो फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. पाठोपाठ तोच मजकूर टाइप केलेला. मग घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीकडून. तिच्याकडे पोहोचेपर्यंत शाळा ठाण्यातली झाली होती, तीन मुलांची सात झाली होती आणि त्यातलं एक दगावलं होतं. सोबत एका पुरुषाच्या आवाजातलं बोलणं, माता-भगिनींनो वगैरे. मी तिला फोन करून सांगितलं की अगं, हे मी लिहिलंय, वर्गात शिकवायला लिहिलेलं खोटं आहे. ती रागावली. म्हणाली, "म्हणजे तुला सकाळपासून माहीत होतं, आणि मला आधी कळवायला काय झालं होतं?"

मी कपाळावर हात मारून घेतला आणि पालकांच्या ग्रुपवर लांबलचक खुलासा लिहिला. हा अभ्यास होता, हे संपूर्ण खोटं आहे, ती बाई निर्दोष आहे, कृपया कोणीही पुढे पाठवू नये. त्यावर हात जोडल्याच्या आकृत्यांची रांग लागली. मुलांची इतकी काळजी घेता, धन्यवाद मॅडम. एका वडिलांनी लिहिलं की मॅडमवर दबाव आलेला दिसतोय. त्यावरही लोकांनी पसंतीचे अंगठे टाकले. खुलासा कोणी वाचलाच नव्हता. माझं नाव दिसलं आणि त्यांनी सवयीने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी दहा-बारा पालक जमले होते. टोपली उपडी झाली होती आणि पेरू गटाराच्या कडेला पडले होते. एक गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात, हातात पेरू धरून उजेडाकडे करून त्यावर सुईचं भोक शोधत होते. पेरूवर कुठे ना कुठे डाग असतोच, पाखराची चोच असते. त्यांना भोक सापडलं. मग ते सगळ्यांना दाखवून झालं, त्याचा व्हिडिओ काढून झाला. इंजिनियर माणूस होता तो. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी मध्ये घुसले आणि ओरडून सांगितलं की ते मी लिहिलंय, मनाने लिहिलंय, खोटं आहे. एका आईने माझा दंड धरला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "मॅडम, तुम्ही भोळ्या आहात. या लोकांना तुम्ही ओळखत नाही." तिच्याच बाजूला तिची मुलगी उभी होती, काल भर वर्गात 'तुम्हीच खाल्लात की' म्हणणारी. मी तिच्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं, चारही प्रश्न पाठ होते. तिने बुटांकडे नजर वळवली. तिचा मला राग आला नाही. चौदा वर्षांच्या पोरीने आईसमोर काय बोलायचं? पण तिच्या आईची, त्या इंजिनियरची, बाजूला उभं राहून मजा बघणाऱ्या आमच्या दोन शिक्षकांची मला अशी किळस आली की ती अजून गेलेली नाही. मावशीने टोपली उचलली, सुरी पदराला पुसली आणि स्टेशनच्या दिशेने निघून गेली.

शाळेच्या लेटरहेडवर दोन ओळी द्या, असं मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. शाळेतूनच खोटं पसरलं असं होईल, म्हणाल्या, आठ दिवसांत लोक विसरतील. लोक खरंच विसरले, चारच दिवसांत. नंतर सोसायटीच्या ग्रुपवर दुधात साबण असल्याचा मजकूर फिरायला लागला. मी माझ्या सहीचं पत्र लिहून त्याच्या झेरॉक्स त्याच दिवशीच्या पालकसभेत वाटल्या होत्या. सभा संपली तेव्हा निम्म्या खुर्च्यांवरच राहिल्या होत्या. वर्षअखेरीच्या अहवालात माझा तास 'यशस्वी उपक्रम' म्हणून गेला, तेव्हा मला ओकारी आल्यासारखं झालं आणि तरी मी खाली सही केली. बाकीच्यांची किळस करताना हेही लिहायला हवं.

मावशी परत आली नाही. एक आठवडा झाला, दोन झाले. तिसऱ्या रविवारी मी खडवलीला गेले. तिचं नाव मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लं, पण नाव कधी विचारलं नव्हतं. डोंबिवलीला पेरू घेऊन जाणारी मावशी, असं म्हटल्यावर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने थेट घराशी सोडलं.

अंगणात पेरूची तीन झाडं होती. खाली पेरूंचा सडा पडला होता, पिकलेले, फुटलेले, माश्या घोंगावत होत्या आणि तो आंबूस गोड वास सगळ्या अंगणात भरला होता. झाडांभोवती काट्यांचं नवं कुंपण घातलं होतं. मावशीने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. कुंपण कशाला, असं मी विचारलं. चार वर्षांची नात आहे, ती पेरू खायला धावते, म्हणून घातलं, असं ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. तो फोटो तिच्या मुलाच्या मोबाइलवरही आला होता. तिला वाचता येत नाही, सुनेने वाचून दाखवला.

मी खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तास, फळा, डावी बाजू, उजवी बाजू. तिने नीट ऐकून घेतलं.

"तुमी लिवलंत?" तिने विचारलं.

"हो मावशी. मीच लिहिलं. सगळं खोटं."

"फल्यावर?"

"हो."

तिने पायावरची माशी हाकलली. मग म्हणाली, "शालेच्या फल्यावर खोटं कोन कशाला लिवंल, बाई. तुमी माजं मन राखायला आलात, ते कलतंय मला."

मी पुन्हा सांगितलं, वेगळ्या शब्दांत सांगितलं, देवाची शपथ घेतली. ती मान हलवत राहिली, रुसलेल्या पोराची समजूत काढावी तशी. झाडावर मुलाने गेल्या साली कसलीशी फवारणी केली होती, तेच असणार, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मग खाल मानेने, आवाज उतरवून तिने विचारलं, "ती तीन पोरं आली का घरी?"

मी म्हटलं, मावशी, ती मुलं नाहीतच. मी बनवलेली आहेत. ती म्हणाली, तिने त्यांच्या नावाने सोमवार धरलेत.

मी उठले, कुंपणाचा काटा बाजूला केला, हाताशी आलेला एक पेरू तोडला आणि तिच्यासमोर चावा घेतला. बघ मावशी, काही होत नाही, हे दाखवायला. ती धावत आली. माझ्याच वयाची बाई, गुडघे धरलेले, पण धावत आली. एका हाताने तिने पेरू हिसकावून फेकला आणि दुसऱ्या हाताची ओंजळ माझ्या तोंडापुढे धरली, आपण आपल्या लेकराच्या तोंडापुढे धरतो तशी.

"थुका," ती म्हणाली. "थुका, बाई, गिलू नका."

तो पेरू गोड होता. मी तो तिच्या हातावर थुंकले.