उस्तिन्याची न्हाणी

उस्तिन्या सामूहिक शेतीच्या गोठ्यात धारा काढायची. पाद्रीबाबाला सरकारनं उचलून नेलं, चर्चमध्ये बटाटे भरले, आणि तेव्हापासून गावातल्या पोरांना बाप्तिस्मा ही बाईच देत आली. तोही कुठं? स्वतःच्या न्हाणीत! जिथं शिरताना गळ्यातला क्रूससुद्धा उतरवून ठेवायचा, जिथं सैतानाचा वावर, तिथं देवाला शोधायला कोण येणार? एरवी उंदीर दिसला तरी बाकावर चढणारी बाई. एवढं धाडस तिच्यात आलं कुठून, मला अजून कळलेलं नाही.

हिवाळ्यातल्या एका दुपारी न्हाणीच्या दारात खुद्द सामूहिक शेतीचा अध्यक्ष प्रोखोर सावेलिच उभा राहिला. चर्चची घंटा दोर लावून यानंच खाली पाडली होती. "चोरून पोरं कोण बुडवतंय ते शोधून काढीनच," असं सभेत टेबल बडवून यानंच सांगितलं होतं. उस्तिन्याची तर पाचावर धारण बसली.

"आंघोळीला आलात? चूल पेटवायचीय अजून."

"भोळेपणाचा आव आणू नकोस." त्यानं कातडी कोटाची पुढची बाजू उघडली. "नात आहे. कालपासून दूध ओढत नाही."

लेकराचे ओठ निळे पडले होते. उस्तिन्याचा जीव तुटला, पण भीतीही सुटेना. "मी हात लावायचा, आणि तुम्ही तालुक्याला फोन करायचा, असंच ना?"

प्रोखोरनं टोपी काढली. सभेतही न काढणारा माणूस! "हिच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप मी होईन. तू धर्मआई हो."

तिला क्षणभर खरंच वाटेना. एका लेकराचे धर्मआई-धर्मबाप म्हणजे जन्माचे सोयरे. सोयऱ्याचं नाव सरकारात देणाऱ्याच्या हातचं मीठही आमच्याकडे कोणी घेत नाही. प्रोखोरनं स्वतःच्या जिभेला स्वतःच कुलूप घातलं होतं.

उस्तिन्यानं चहाचं पाणी तापवायच्या समोवारातलं कोमट पाणी घंगाळात ओतलं आणि लेकराला तीनदा बुडवून काढलं. तिसऱ्यांदा ते असं किंचाळलं, की प्रोखोरनं टोपीनंच डोळे पुसले.

"धूर फार तुझ्या न्हाणीत."

"चूल पेटवलीय कुठं, सोयरे?"

लेकरू जगलं. देवाची करणी!

वसंतात तालुक्याचा साहेब आला, थेट गोठ्यात. कुणीतरी चुगली केली होती, पण नाव त्याला ठाऊक नव्हतं. "पोरांना बाप्तिस्मा कोण देतं? नाव सांगा, नाहीतर सगळ्या गोठ्यालाच गाडीत घालतो."

आपल्यापायी साऱ्याजणी जाणार! उस्तिन्यानं बादली बाजूला ठेवली आणि ती उठू लागली.

"मी देतो," साहेबाच्या मागं उभा असलेला प्रोखोर म्हणाला.

साहेबाला हसूच आलं. "तुम्ही? पार्टीचा माणूस?"

"हो, मी. पाद्रीला मी घालवला. मग त्याचं काम कुणी करायचं?"

साहेबाचं हसू मावळलं. उस्तिन्याचे ओठ हलले, तसा प्रोखोर तिच्यावर खेकसला, "बघत काय बसलीस? गाय खोळंबलीय!"

साहेबाबरोबरच्या शिपायांनी प्रोखोरला गाडीत चढवलं. गोठ्यातल्या एकूणएक बाईला खरं ठाऊक होतं, पण एकीनंही तोंड उघडलं नाही. उस्तिन्या परत गाईपाशी बसली आणि धार काढू लागली. दूध बादलीत पडतंय की जमिनीवर, तिला दिसत नव्हतं.