दादांच्या हातचे पाईप

घरातले पाईप जुने झालेत का, असं कुणी विचारलं की मी आधी रंग बघतो. सायीच्या रंगाचा असला तर अलीकडचा. काळा, वेटोळं करून येतो तो असला तर बहुधा रस्त्यापासून टाकीपर्यंतचा. राखाडी असला की मी खिशातून किल्ली काढतो आणि पाईपाला खरवडतो. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेला राखाडी पाईप खडूसारखी पूड सोडतो. मग टिचकी मारायची. शेतासाठीचा पातळ पाईप पोकळ वाजतो, घरासाठीचा जाड पाईप बद्द. छापलेली अक्षरं उरली असतील तर उत्तमच, पण इतक्या वर्षांनी अक्षरं कुठली उरायला! शेवटी तुकडा कापून काठ बघायचा. काठ नाण्याएवढाच जाड निघाला, तर तो पाईप वावरातला समजावा.

हे सगळं मी रोज करतो. देवासच्या एका मास्तरीणबाईंच्या घरात मात्र यातलं काही करावं लागलं नाही. गळती शोधायला ठेकेदारानं न्हाणीघराचं प्लास्टर फोडलं, आतला एक सांधा दिसला, आणि मी तो ओळखला. तो माझ्या वडलांच्या हातचा होता.

आम्ही मूळचे धारचे तांबट. दरबाराबरोबर दक्षिणेतून आलो, असं घरात सांगतात. खरंखोटं ज्याचं त्याला माहीत. वडलांना आम्ही दादा म्हणतो. चाळिशीपर्यंत दादांनी घागरी आणि बंब ठोकले. पुढे प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या आणि तांब्याला गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा ते देवासला आले आणि नळाची कामं करू लागले. धंदा बदलला, हात तांबटाचाच राहिला. पाईपाला पाईप जोडायला बाजारात सॉकेट मिळतं. ते विकत घेणं दादांना कमीपणाचं वाटे. ते पाईपाचं तोंड स्टोव्हवर तापवायचे, मऊ झालं की लाकडी खुंटीनं रुंद करायचे, त्यात दुसरा पाईप बसवायचे आणि सांध्याभोवती कानशीनं एक बारीक गोल रेघ ओढायचे. घागरीच्या काठाला ओढतात तशी. त्या रेघेचा उपयोग काहीच नव्हता. पण रेघ नसेल तर काम अपुरं, असं त्यांचं म्हणणं होतं. तापवून ताणलं की तोंड पातळ होतं आणि पुढे तिथंच चीर जाते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही धंद्यात पडल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं.

तर भिंतीत ती रेघ होती. चुन्यासिमेंटखाली बत्तीस वर्षं राहूनही स्वच्छ दिसत होती.

बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांचा मुलगा इंदूरला असतो. तोच हा ठेकेदार घेऊन आला होता. बाईंच्या घरचे गळके नळ मी बघतो, म्हणून मलाही बोलावलं होतं. मोठं काम ठेकेदार घेणार आणि मजुरी मला मिळणार, असं ठरत आलं होतं. ठेकेदारानं पाईपावर हातोडीचा टोला मारला आणि हसला.

"ये देखो भिया! खेत का पाइप! कोई चोर घर में खेत का पाइप डाल गया."

मुलगाही हसला. "आई, तुला तर पूरा बेवकूफ बनवून गेला कोणीतरी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "पाईप जुने आहेत. सगळे काढावे लागतील."

यातला एकेक शब्द खरा होता आणि तरीही मी मूग गिळून बसलो होतो. हातातलं काम जाईल ही भीती होती, हे कबूल करतो. पण त्याहून वाईट म्हणजे मला बापाची लाज वाटली. ज्या माणसानं मला पाना धरायला शिकवलं, त्याची लाज! आजही आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

घरी आलो. दादा ओट्यावर चहा पीत बसले होते. त्यांची ऐंशी उलटली आहे, एका कानानं कमी ऐकू येतं. न सांगता राहवेना. मी चांगल्या कानाशी बसून सगळं सांगितलं.

"कुणाचं घर?"

"मास्तरीणबाईंचं. टेकडीकडच्या कॉलनीतलं."

"हां. अठरा पायऱ्या." त्यांनी चहाचा घोट घेतला. "खेत का पाइप म्हणाला? बरोबर म्हणाला की."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पातळ आहे हे माझ्या हाताला कळणार नाही का रे? जाड पाईप इंदूरच्या व्यापाऱ्याकडे नोंदवावा लागायचा, महिनाभर यायचा नाही. हाटपिपल्याच्या शेतीसामानाच्या दुकानात हाच होता. बाईंच्या यजमानांना सांगितलं, हा तात्पुरता घालतो, पुढे बदला. पुढे यजमान वारले, ते राहून गेलं. मीही विसरलो." मग म्हणाले, "बाई तेव्हा पोटुशी होत्या. हापशावरून पाणी वर चढवत होत्या. महिनाभर थांबा म्हणून कसं सांगू?"

दादांनी उरलेला चहा संपवला.

"चोर म्हणाला तेव्हा तू काय बोललास?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही, दादा."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी चोर नाही आणि तू मुका नाहीस. सकाळी गाडी काढ."

मी समजावून बघितलं. म्हटलं, पायऱ्या चढवणार नाहीत, लोक वाटेल ते बोलतात, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी ऐकू न येणारा कान माझ्याकडे केला. तो कान त्यांना सोयीनं कामाला येतो.

सकाळी दादा धुतलेला पायजमा-कुडता आणि काळी टोपी घालून तयार. अठरा पायऱ्या भिंतीला हात लावत, दोनदा थांबत चढले. वर ठेकेदार, त्याची दोन माणसं, बाई आणि त्यांचा मुलगा. दादा थेट फोडलेल्या भिंतीपाशी गेले, सांध्यावर बोट फिरवलं आणि वळले.

"ये पाइप मैंने डाला है. चोर किसने बोला?"

ठेकेदार गडबडला. "अरे बाबा, वो तो ऐसे ही बोल दिया."

"ऐसे ही नी बोलते."

मी दादांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मी म्हणालो, "हे माझे वडील. काम त्यांचं आहे. पाईप पातळ आहे, तोंड तापवून जोडलंय, तिथंच गळतंय. दोन्ही चुकलं. हा पाईप आता भिंतीत ठेवायचा नाही, आणि असल्या पाईपाच्या प्लॅस्टिकात तेव्हा कारखानेवाले काय काय मिसळायचे ते कुणी सांगू शकत नाही, पिण्याचं पाणी त्यातून नको, म्हणून स्वयंपाकघरातलाही काढायचा. सगळे काढा, एवढं मी काल बोललो. पण काम कुणाचं ते बोललो नाही, ते आज बोलतोय. आणि माझ्या बापाला चोर म्हणणाऱ्याच्या हाताखाली मी काम करणार नाही. मजुरी गेली तर गेली!"

बाईंचा मुलगा मला म्हणाला, "काका, इतना क्या दिलाला लावून घेता? त्याचा तसा मतलब नव्हता."

तेव्हा बाई बोलल्या. आवाज चढवला नाही, शिक्षिकेची सवय असावी. "तू पोटात होतास. हापशावरून दोन-दोन कळश्या घेऊन मी या पायऱ्या चढायचे. सातवा महिना होता. या मिस्त्रींनी तीन दिवसांत नळ आणून दिला. मी त्या नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभी राहिले होते." मग दादांना म्हणाल्या, "बसा मिस्त्री. काल हे काम तुमचं हे माझ्या ध्यानात आलं नाही, माझंच चुकलं."

"बाईसाहेब, पाईप बदला असं सांगायला मी परत यायला हवं होतं," दादा म्हणाले. "ते माझं चुकलं."

मुलगा फोनमध्ये बघत राहिला. त्यानं माफी मागितली नाही. ठेकेदार म्हणाला, मग तुम्हीच करा बापलेक मिळून, आणि माणसं घेऊन उतरला. माझं काही अडलं नाही. बाईंनी काम मला दिलं.

चार दिवस लागले. गीझरकडचा पाईप गरम पाण्यानं लोंबून वाकला होता. टाकीखालचा हातात घेताच तुटला. दादा रोज यायचे, खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्या कामात चुका काढायचे. सॉकेट लावलं की नाक मुरडायचे. मी म्हटलं, दादा, सॉकेट आहे म्हणून हा गळणार नाही. ते म्हणाले, ते कळतं रे मला, पण कारागिरी कुठंय यात? आमचं यावर कधीच एकमत होणार नाही. मी त्यांना त्यांच्या सांध्यांचे तुकडे कापून दाखवले. ताणून पातळ झालेलं तोंड, त्यातली चीर. त्यांनी तुकडा चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ बघितला आणि "बरोबर," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्या कामाबद्दल मी ऐकलेला हा पहिलाच चांगला शब्द.

शेवटच्या दिवशी काढलेल्या पाईपांचा ढीग अंगणात पडला होता. बाईंचा मुलगा म्हणाला, भंगारवाल्याला बोलावतो. दादा म्हणाले, नको. त्यांनी मला ते तुकडे दोरीनं बांधायला लावले आणि माझ्या दुचाकीच्या मागच्या सीटवर बसून मोळी मांडीवर आडवी घेतली. दोन्ही बाजूंनी पाईप बाहेर आलेले. मी म्हटलं, लोक बघतील. म्हणाले, बघू दे.

कॉलनीच्या वळणावर किराणा दुकानदारानं हाक मारली, "काका, ये क्या ले चले?"

मी 'भंगार' म्हणणार होतो. दादा माझ्या खांद्यावरून ओरडले, "मेरा काम है! बत्तीस साल चला, खराब निकला. वापस घर ले जा रिया हूँ!"

चौकापर्यंत आणखी तिघांनी विचारलं. तिघांनाही त्यांनी हेच, इतक्याच मोठ्यानं सांगितलं. मी गाडी हळू केली, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू जावं.