पंचविसाच्या आत

खलीलभाईंना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. लातूरच्या क्लासेसच्या रस्त्यावर त्यांचं इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. हातात पाना, आणि दर दोन मिनिटांनी काम टाकून दारात. एखादी पोरगी सुसाट गेली की नुसत्या आवाजावरून पुटपुटत, "चाळीस. वेगाची वायर तोडलेली हाय," आणि हात हलवून तिला हळू जायची खूण करत. चहाही उभ्यानंच. "भूकंपापास्नं बूड टेकतच न्हाई, गुरुजी," असं हसून सांगत.

मी उदगीरचा मास्तर. मुलीच्या क्लाससाठी बदली करून घेऊन लातुरात बिऱ्हाड केलं होतं. सायली सोळा वर्षांची. तीन विषयांचे क्लास तीन टोकांना. तिला कमी वेगाची स्कूटर घेऊन दिली, कारण तसल्या गाडीला ना नंबर लागतो ना लायसन. पण रोज पाच मिनिटं उशीर, आणि उशीर झाला की मागचा बाक. तिच्यापेक्षा माझाच जीव वरखाली. शेवटी खलीलभाईंना म्हटलं, "तेवढी वेग अडवणारी वायर तोडा."

"न्हाई तोडत," गाडीभोवती फिरत ते म्हणाले. "बारकी मोटर, पंचविसाच्या आत, तवर ही सायकलवानी. वायर तुटली की पासिंग पायजे, नंबर पायजे, विमा पायजे, पोरीला लायसन पायजे. यातलं काय हाय तुमच्याकडं?"

"सगळेच तोडतात."

"तोडायलेत ना. म्हणून तर मी दारात."

मास्तराला शिकवणारा हा कोण? मला रागच आला. पुढच्या चौकात दुसऱ्यानं दहा मिनिटांत काम करून दिलं.

चौथ्या दिवशी क्लास गाठायच्या घाईत सायलीनं रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला उडवलं. ते खलीलभाई होते. मांडीचं हाड मोडलं. विमा नव्हताच.

हवालदार दवाखान्यात जबाब घ्यायला आला. परीक्षा तोंडावर आणि नावावर गुन्हा. सायली भिंतीशी उभी. मी हात जोडले, "भाई, तुम्हीच अचानक आडवे आलात म्हणा."

"खोटं न्हाई बोलणार." मग ते हवालदाराकडे वळले. "गाडी पोरगी चालवत होती, लिव्हा. पर वायर बापानं तोडायला लावली. कायद्यानं बी पोराच्या आधी बापाला जाब हाय. त्यांचं नाव वर लिव्हा."

माझं नाव वर लागलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पायाला वजन बांधून ते आडवे होते. मी रोज डबा घेऊन जाई. त्यांची बोटं सारखी चादर चाळवत असत. एकदा खिडकीखालून गाडी सणकत गेली. त्यांनी मान उचलली.

"पस्तीस," ते म्हणाले. "गुरुजी, दुकानाच्या दारात सध्या कोणीच न्हाई. तुम्ही उभे ऱ्हावा."

हाड धड जुळलंच नाही; ते पुन्हा त्या दारापर्यंत आलेच नाहीत. क्लास सुटायच्या वेळेला मला अजून घरात बसवत नाही.