रिकामा माळ

सत्कार म्हटला की हल्ली शाल, नारळ आणि हातात एक रोप. आमच्या गल्लीतले आबा शाल घेत, नारळ घेत आणि रोपाला मात्र लांबूनच हात जोडत. "मन्हा बठ्ठा जनम झाडे लावामाच गया, भाऊ. आते ऱ्हाऊ द्या." सभेत हशा पिके. उभी हयात वनरक्षकाच्या नोकरीत घालवलेला माणूस रोप नाकारतो, ही धुळ्यातल्या कार्यक्रमांची ठरलेली गंमत होती. मीही बरीच वर्षं हसले.

आबा मूळचे साक्रीकडचे. उंच, काटक, डोक्यावर पांढरी टोपी आणि पायात बारा महिने जाड तळाचे बूट. चालताना नजर कायम जमिनीवर, त्यामुळे आबांचं काहीतरी हरवलंय, असं पोरंटोरं म्हणत. माणूस अगदी मऊ, पण कुणी "तिकडे रिकामी जागा पडलीय" असं म्हणालं की बिघडलाच. "रिकामं काहीच नही ऱ्हास, पोरी. आपले दिखस नही," असं मला एकदा चांगलंच सुनावलं होतं. निवृत्त माणसाचा तऱ्हेवाईकपणा म्हणून मी ते सोडून दिलं.

आमच्या निसर्गमंडळाची सहल जैसलमेरजवळच्या वाळवंटी उद्यानात निघाली, तेव्हा आबा सकाळीच दारात उभे. "माले लई चाल. माळढोक देखना शे एकदा." कधी कुणाकडे चिमूटभर साखर न मागितलेला माणूस. त्यांच्या मुलाने गुडघे दाखवले, ऊन दाखवलं, शेवटी माझ्यावर सोपवून तो मोकळा झाला.

सकाळी जीपमधून चिंकारे पाहिले, गिधाडं पाहिली. मग सवाईराम नावाच्या वाटाड्यामागून पायी निघालो. "सरहद आगे है, मेरे पीछे ही रहना," त्याने बजावलं. आम्ही सातजण धापा टाकत होतो आणि शहात्तरीचे आबा सगळ्यांच्या पुढे. दुपारी एका खेजडीच्या झाडाखाली भाकरी-ठेच्याची शिदोरी सोडली. सगळे सावलीत दाटीवाटीने बसले, आबा मात्र उन्हात. मी त्यांना बोलवायला गेले, तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं.

नोकरीची पहिलीच वर्षं. झाडं लावायचा हुकूम आला. साहेबाने विचारलं, जागा कुठे आहे? आबांनी हौसेने बोट दाखवलं, "सायेब, तो माळ रिकामा शे." खड्डे खोदायला सुरुवात झाली आणि चौथ्या दिवशी माणसांच्या पायाजवळून माळढोकाची मादी उठली. उघड्या मातीवर तिचं अंडं होतं. हा पक्षी बहुतेक वेळा एकच अंडं घालतो. आबांनी अंड्याभोवती चार हातांवर दगडांचं कडं केलं, तेवढी जागा सोडायला लावली आणि बाकी सगळा माळ खोदून घेतला. अंडं वाचवलं, असंच त्यांना वाटत होतं. मादी दोन दिवस मान उंच करून लांब उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ती दिसली नाही, पुन्हा कधीच दिसली नाही. झाडं मात्र चांगली जगली.

"इनाम भेटनं माले," आबा म्हणाले. मी पाण्याची बाटली पुढे केली.

पुन्हा चालायला लागलो आणि थोड्याच वेळात सवाईरामने हात वर केला. गवतात माळढोकाची मादी! दुर्बीण आबांच्या हातात होती आणि आमची ती घ्यायची झोंबाझोंबी. मादी चार पावलं जाई, थांबे, वळून मागे बघे. आबांनी दुर्बीण खाली केली.

"अठे अंडं शे. बठ्ठा मांगे सरका."

सवाईरामचा चेहरा उतरला. "बाबा ठीक कहते हैं. चलो, चलो." खरं सांगते, मला आबांचा राग आला. मी तो पक्षी अजून नीट पाहिलाही नव्हता. पण सगळे निमूट मागे फिरलो.

जीप वळसा घालून जवळच्या वाटेवर आली होती. तिथून ते गवत लांबवर दिसत होतं, आणि आबा आत बसेनात. ती अंड्यावर परत आल्याशिवाय त्यांना निघायचं नव्हतं. ऊन असं की जमिनीला हात लावला तर चटका बसे, आणि अंडं तिथे उघड्यावर. तासभर गेला. शेवटी सवाईराम म्हणाला, "बाबा, हम रुकेंगे तो वो आएगी ही नहीं." आबांनी पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली. मग ती माझ्या हातात दिली.

"तू देख. माले दिखस नही. बसनी का ती?"

मी पाहिलं. गवत होतं, उन्हाने थरथरणारी हवा होती. मादी कुठेच नव्हती. मी दुर्बीण फिरवून फिरवून पाहिलं आणि मग आबांकडे पाहिलं.

"बसली, आबा."

ते तिथेच उकिडवे बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. परतताना जीपमध्ये त्यांनी उरलेली भाकरी खाल्ली, सवाईरामची थट्टा केली. इतके मोकळे आबा मी कधी पाहिले नव्हते.

त्याच वर्षी दिवाळीआधी ते गेले. दवाखान्यात एका दुपारी मी त्यांच्याजवळ एकटीच होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पोरी, खरंच बसनी व्हती ना?"

"हो आबा. पंख पसरून बसली होती."

पंखांचं मी तेव्हा नव्याने जोडलं. आबांनी मान हलवली, हात सोडला आणि शांत झोपले. ती परतली की नाही, ते मला आजही माहीत नाही.