पाट्या घरी राहिल्या

सबटायटलला मी 'पाट्या' म्हणते. दारव्ह्याच्या आमच्या महोत्सवात परदेशी सिनेमे मराठी पाट्यांसकट दाखवायचे, ही माझीच हौस. उझबेकिस्तानातल्या एका सिनेमाच्या पाट्या मी दिवाळीपासून रोज संध्याकाळी इंग्रजीवरून लिहीत होते. माय शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसायची आणि विचारायची, "किती राह्यल्या तुह्या पाट्या?" तिला अक्षरओळख नाही. म्हणजे त्या पाट्या तिच्यासाठी नव्हत्याच, पण हे मला तेव्हा खटकलंही नाही.

महोत्सव म्हणजे मंगल कार्यालयात ताणलेला पांढरा पडदा, लग्नातल्या खुर्च्या आणि सगळ्याचा भार अंगावर घेतलेले आमचे निवृत्त सर. पहिल्या दिवशीचा सिनेमा संपेपर्यंत अर्ध्याअधिक खुर्च्या रिकाम्या झाल्या. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्याही लोक अर्ध्यातून उठले, तर पुढल्या वर्षी महोत्सव विसरा. मालक हॉल ऑर्केस्ट्राले देऊन राह्यला." उद्याचा सिनेमा नेमका माझा होता.

माय हट्टानं सोबत आली. सिनेमा पाहताना मोठ्यानं बोलायची तिला खोड, म्हणून मी तिला पार मागच्या रांगेत बसवलं. तिची लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावरची बाई बोलली आणि खाली काहीच उमटलं नाही. सिनेमा एका फाइलमध्ये, पाट्या दुसऱ्या, आणि मी शहाणीनं पेनड्राइव्हवर एकच घातली होती. लॅपटॉप आर्णीला, आमच्या घरी. घरी कोणी असतं तर मागवलं असतं, पण घराला कुलूप आणि किल्ली मायच्या कमरेला.

सरांनी माइक माझ्या हातात दिला. पाट्या मीच लिहिलेल्या, तेव्हा सांगणंही भाग होतं. "ही स्त्री पहाटे कापूस वेचत आहे," मी सुरुवात केली. "दवाने ओला झालेला कापूस वजनाला जास्त भरतो. ती व्यापाऱ्याला फसवत आहे." बातम्या वाचल्यासारखा आवाज, मलाच ऐकवेना. खुर्च्या सरकू लागल्या. दोघे उठले, मग चौघे.

तेवढ्यात मागून मायचा आवाज आला. "फसवून नाही राह्यली ते. काहीबाही नको सांगू."

"माय, गप बस," मी म्हटलं, आणि ते माइकवरून अख्ख्या हॉलनं ऐकलं. लोक हसले.

"गप काहून बसू? तिचं पोलकं पाह्य. वलं झालं."

"दव आहे ते."

"कापसाची पऱ्हाटी कमरेइतकी हाय. दव छातीले कसं लागन? दूध उतरलं तिले. लेकरू घरी हाय, अंगावर पिते. म्हून अंधारात आली, लवकर वेचून घरी जाईन."

उठलेले लोक उभ्याउभ्याच पडदा पाहू लागले. शेवटी लेकरू येतं, हे मला ठाऊक होतं. 'मला उशीर होतोय' ही पाटी मी त्या बाईच्या तोंडी चार ठिकाणी घातली होती. पण कशाचा उशीर, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. माझी नजर सगळी खालच्या ओळीवर.

मी मागे चालत गेले आणि माइक मायपुढे धरला. "मंग आता काय म्हणून राह्यली ती?"

"म्हनंन काय? जाऊ दे बाप्पा मले घरी, म्हनते."

व्यापाऱ्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका मायच्या आधीच बोलल्या, आतून वला हाय का पाह्यते म्हणून. उभे होते ते बसले. शेवटी त्या बाईनं लेकराला पाजायला घेतलं, आणि माय काहीच बोलली नाही. दिवे लागले तेव्हा एकही माणूस गेलेला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. सर म्हणाले, "पुढल्या वर्षी आईंना पुढच्या रांगेत बसवा." मला रडू आलं, आणि हसूही.

परतताना एसटीत मी मायला विचारलं, "तुले कसं समजलं गं?"

"मले कुठं वाचता येते? मी त्या बाईकडंच पाहून राह्यलती." मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "तू तीन महिन्याची होती. तिकडं घरी तू रडे, इकडं वावरात माहं पोलकं वलं होये. लोकाइले वाटे, दव हाय."

मीही हॉलभर तेच सांगून बसले होते. बरं झालं बाई, पाट्या घरीच राहिल्या.